पऱ्हाटी जाळायची आणि जेल विकत आणायचं?

पावसाने दडी मारली की दुकानांत 'पाणी धरून ठेवणारी पावडर' दिसायला लागते. हायड्रोजेल म्हणतात तिला. मातीत मिसळायची, पाऊस पडला की ती फुगते आणि मग मुळांना हळूहळू पाणी सोडते. हे थोतांड नाही, शास्त्र आहे. पण मंडळी, ती बनलीय कशापासून, हे कोण विचारतं?

बाजारातलं बरंचसं जेल पेट्रोलियमपासून बनतं. लहान पोरांच्या डायपरमध्ये असतं, त्याच जातीचं. मातीत ते लवकर कुजत नाही. दुसरी वाट वनस्पतींची आहे. कापूस, पऱ्हाटी, उसाचं चिपाड, सगळ्यांत सेल्युलोज असतं. त्याचे धागे केसापेक्षा हजारपट बारीक केले की झालं नॅनोसेल्युलोज. ते जेलमध्ये घातलं की जेल बळकट होतं, फुगून-सुकून पटकन फुटत नाही.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजच्या आधारावर 'पुसा हायड्रोजेल' केलं. आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या 'सिरकॉट' या कापूस संशोधन संस्थेत नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्प आहे. म्हणजे ज्ञान आहे, कच्चा मालही आहे. आणि आपण? वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटायच्या आणि बांधावर पेटवून द्यायच्या.

आता दुसरी बाजू. पुसा जेल वजनाच्या 350 पट पाणी धरतं म्हणतात, पण ते स्वच्छ पाण्यात. बोअरचं पाणी खारट असेल तर हा आकडा बराच खाली येतो. हलक्या, मुरमाड रानात उपयोग जास्त. काळी भारी जमीन मुळातच पाणी धरते. आणि पाऊसच नसेल तर जेल काय पिणार? ते पाणी साठवतं, तयार करत नाही.

नॅनोसेल्युलोज बनवायला वीज आणि पैसा बराच लागतो. एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं हे काम नाही, सरकारचंच आहे. म्हणून मागण्या तीनच. पाकिटावर जेल कशापासून बनलं आणि मातीत किती दिवसांत कुजतं, हे मराठीत छापा. कृषी विज्ञान केंद्रांनी मुरमाड आणि काळ्या, दोन्ही रानांत चाचणी घेऊन निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. आणि जिनिंगच्या पट्ट्यात पऱ्हाटीपासून सेल्युलोज काढणारा एक तरी प्रकल्प उभा राहावा.

तोवर दुकानदाराच्या शब्दावर एकरभर टाकू नका. दोन ओळींत टाकून बघा, दोन तशाच ठेवा.

कुणी वापरलं असेल तर खाली लिहा: जमीन कोणती, पाणी कसलं, किलो किती, फरक काय पडला. जाहिरातीपेक्षा तुमचा अनुभव जास्त कामाचा आहे.