मजुरी दिली, जबाबदारी संपली?

घाम वाळण्याआधी मजुराची मजुरी द्या, ही हदीस आपल्या घरांत लहान मुलांनाही पाठ असते. मजुरी वेळेवर देणारे मालकही आपल्यात बरेच आहेत, अल्हम्दुलिल्लाह. पण हजरत अबूजर (रजि.) यांच्याकडून आलेली दुसरी हदीस आपण तितकी सांगत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना दिलेल्या शिकवणीचा आशय असा : तुमच्या हाताखालचे लोक तुमचे भाऊ आहेत, त्यांच्या ताकदीबाहेरचे काम त्यांच्यावर लादू नका, आणि दिलेच तर स्वतः मदतीला या. मजूर जिवंतच वर आला नाही, तर पहिली हदीस कुणासाठी पाळायची?

इंदापूर तालुक्यातील म्हसोबाचीवाडी वाचकांच्या स्मरणात असेल. १ ऑगस्ट २०२३ रोजी तिथे शंभर फुटांहून खोल विहिरीत रिंगचे काम चालू असताना कडा कोसळली आणि बेलवाडीचे चार मजूर ढिगाऱ्याखाली गाडले गेले. (बेलवाडी म्हणजे तुकोबांच्या पालखीचे गोल रिंगण होते ते गाव.) एनडीआरएफचे जवान आले, पोकलेन लागले, दिवसरात्र माती उपसली. चौघांतला एकही वाचला नाही.

तिथे कुणाचे काय चुकले याचा निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. पण आपल्याकडच्या विहिरी आपल्याला ठाऊक आहेत. वर माती, खाली मुरूम, मग खडक. उभा कापलेला मुरूम कोरडा असताना भिंतीसारखा उभा राहतो. पाणी मुरले की कधी सुटेल सांगता येत नाही. काठावरच उपशाचा ढीग असेल तर त्याचा भार आणखी. म्हणून जाणकार माणूस कडा टप्प्याटप्प्याने कापायला सांगतो, ढीग लांब टाकायला सांगतो, पावसात काम थांबवायला सांगतो. यात जमीन जास्त जाते, दिवस जास्त लागतात, आणि उक्त्या दरात या दिवसांचे पैसे धरलेले नसतात.

खरी गोम त्या ‘उक्ते’ शब्दात आहे. “काम ठेकेदाराच्या अंगावर दिले, आता त्याचे तो बघेल.” दर कमी करताना आपण घासाघीस करतो, तो कमी झालेला पैसा दोरातून, पट्ट्यातून, हेल्मेटमधून जातो, हे आपण विचारत नाही. कामावर अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी, हे तर या देशात १९२३ च्या कायद्यानेच ठरवले. आपल्या धंद्याचे काम ठेकेदाराकडून करून घेतले म्हणूनही मूळ मालक सुटत नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये बारामती तालुक्यातल्या खांडज येथे शेणाच्या टाकीत गुदमरून चार जण गेले. एकाला काढायला दुसरा उतरला, आणि तोही गेला. सडलेल्या शेणामैल्यातून निघणारा वायू हवेहून जड असतो, तळाशी साचतो. प्रमाण वाढले की नाकाला वासही येईनासा होतो. घरच्या शौचालयाची टाकी भरली की कुणातरी गरिबाला पाचशे रुपये जादा देऊन आत उतरवणारे आपल्या मोहल्ल्यातही आहेत. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला असे उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा करणारी गाडी मागवावी, थोडा खर्च सोसावा.

आमच्या वर्गातल्या मुलांचे वडील गवंडी, सेंट्रिंगवाले, वेल्डर, गॅरेजमधले हेल्पर आहेत. आणि खरे सांगायचे तर मासिकाच्या वाचकांत त्यांचे मालकही आहेत. वेल्डिंगच्या दुकानात मालकाच्या डोळ्यांवर काच असते आणि छोटू उघड्या डोळ्यांनी पकडून उभा असतो, हे दृश्य रोजचे. मुळात त्या वयाचा मुलगा तिथे नव्हे, आमच्याकडे शाळेत असायला हवा, पण तो विषय पुढच्या वेळी.

एक काम मात्र या महिन्यातच करता येईल. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंदीत कामगार कामावर दगावला तर वारसांना मंडळाकडून ५ लाख रुपये मिळतात. दाखल्यावर सही करायला ठेकेदार टाळाटाळ करतात, नसते लफडे नको म्हणून. आपल्या ओळखीचा ठेकेदार असेल तर जुम्याच्या नमाजनंतर त्याला गाठून विचारावे, किती जणांच्या दाखल्यावर सही केली?