वारी बिघडली म्हणे!

दरसाल आषाढ जवळ आला की आमच्या गावच्या पारावर एक ओरड उठते: वारी बिघडली! शहरातले हौशी लोक येतात, पुणे ते सासवड एवढाच टप्पा चालतात, दिवे घाटात फोटो काढतात आणि घरी परततात. ओरडणाऱ्यांत दिंडीतली जुनी मंडळी पुढे. मी शाळामास्तर, नव्या पोरांना नावे ठेवणाऱ्यांच्या बैठकीत माझी बरीच वर्षे गेली. हा सूर माझ्या ओळखीचा आहे आणि तो मला साफ नामंजूर आहे.

जुनी वारी म्हणजे नेमकी कोणती हो? तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी 1685 मध्ये पालखी सुरू केली, तेव्हा तुकोबा आणि ज्ञानोबा यांच्या पादुका एकत्रच पंढरीला जात. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबांची पालखी निराळी केली. हा माणूस पूर्वी शिंद्यांच्या पदरी होता. सोहळ्याला शिस्त लावली ती त्याने. तेव्हाही कोणी तरी पारावर बसून नाक मुरडले असेलच. इरावतीबाई कर्वे गेल्या शतकात वारीत चालल्या. भजन एकत्र, पण जेवणे जातवार निराळी, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ती जुनी वारी कोणाला परत हवी असेल त्याने खुशाल हात वर करावा. माझ्या घरच्या फराळातला लाडू त्याला मिळणार नाही.

नव्या माणसाला शिकायचे पुष्कळ असते, हे कबूल. रांग मोडायची नाही, पावलीला पाऊल जुळवायचे, थोर असो की लहान, समोरच्याच्या पाया पडायचे. हे भाषणाने येत नाही. मागच्या रांगेत चार मुक्काम टाळ धरला की येते. फोटोवाल्यांपैकी काहीजण दुसऱ्या वर्षी पंढरपूरपर्यंत पोचतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पण जुन्यांनीही काही शिकायचे आहे की नाही? ज्ञानोबांच्या पालखीच्या तळावर रात्री समाजआरती होते. चोपदार चोप उंच करतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल ती मात्र वाजवीतच राहते. तिची तक्रार ऐकली जाते, तोड निघते, मगच आरती. इतकी सुंदर सोय आमच्या शिक्षकांच्या सभेत नाही! मात्र हा हक्क दिंडीचा. भिशी भरून परवाच त्या दिंडीत आलेल्याने कोणता टाळ वाजवावा? डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बाईने अंघोळीला आडोसा मागितला, एकदा विणा गळ्यात घेऊ द्या म्हटले, की उत्तर ठरलेले: "आमच्यात तशी पद्धत नाही." आडोशाला कोणत्या ग्रंथात मनाई आहे, ते दाखवावे.

दिंडीप्रमुखांना माझे सांगणे एवढेच. आरतीला निघण्यापूर्वी पहिल्या वर्षाच्या वारकऱ्यांना जवळ बसवा, बायकांना आधी, आणि काय खुपते ते विचारा. पुढल्या आषाढात निदान लोणंदच्या मुक्कामापर्यंत तरी करून पाहा.