आग विझायच्या आत ‘शॉर्टसर्किट’!

मंडळी, आपल्याकडे कुठेही आग लागली की धूर निघत असतानाच बातमी येते, ‘प्राथमिक अंदाजानुसार शॉर्टसर्किट’. दुसऱ्या दिवशी नेते पाहणी करून जातात, मदत जाहीर होते आणि तो अंदाजच कायमचा होऊन बसतो. सोयीचंच आहे म्हणा, वायरवर काही खटला भरता येत नाही!

आगीचा तपास करणारा खरा जाणकार आधी कारण शोधतच नाही, जागा शोधतो. कमी जळालेल्या भागाकडून जास्त जळालेल्या भागाकडे सरकतो. भिंतीवर इंग्रजी ‘व्ही’सारखा काळा डाग असेल तर त्याचं खालचं टोक कुठे आहे ते बघतो. राख थराथराने उकरतो. तांब्याच्या तारेवर वितळून झालेला मणी सापडला म्हणून लगेच ‘सापडलं कारण’ म्हणत नाही. कारण आग दुसऱ्याच कशाने लागली, तिच्यात वायरचं आवरण जळालं आणि तारा एकमेकींना टेकल्या, तरी तसाच मणी होतो. शॉर्टसर्किट झालं हे खरं, पण आगीच्या आधी की नंतर? सगळी मेख इथे आहे. त्यात संपूर्ण खोली एकदम पेटली असेल तर भिंतीवरच्या खुणाही फसवतात.

२९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या आवारात १४ जीव गेले. गुन्हा आधी एका पबच्या मालकांवर दाखल झाला. अग्निशमन दलाच्या तपासात मात्र आग शेजारच्या पबमध्ये, बहुधा हुक्क्याच्या निखाऱ्यांनी लागल्याचं पुढे आलं. शॉर्टसर्किट म्हणून फाइल बंद झाली असती तर?

आणि ९ जानेवारी २०२१ चं भंडारा. जिल्हा रुग्णालयात १० तान्ही बाळं गेली. ठिणगी विजेचीच होती असं धरलं, तरी धूर भरेपर्यंत कुणाला कळलं कसं नाही, हा प्रश्न उरतोच. तोही तपासाचाच भाग आहे.

म्हणून मागणी साधी आहे. जागा सील करा, तपास होईपर्यंत जेसीबी आत घालू नका, पुरावा डंपरमध्ये भरून नेऊ नका. आणि अंतिम अहवाल लोकांसमोर ठेवा.

आपल्या भागात लागलेल्या एखाद्या तरी आगीचा असा अहवाल कुणी डोळ्यांनी पाहिलाय का? पाहिला असेल तर खाली लिहा, वाचायला आवडेल.