दारावर रक्षक आहे, पण त्याचा हिशोब कोणाकडे?

कोपरखैरण्यातल्या सामान्य कुटुंबात मध्यरात्री कोणाच्या छातीत दुखू लागले, की रिक्षा वाशीच्या महापालिका रुग्णालयाकडे वळते. खासगी रुग्णालयाचे डिपॉझिट भरण्याची ऐपत नसलेल्यांना फारसा पर्याय नसतो. त्या दारातून आत जाणारा रुग्ण, रात्रपाळीची परिचारिका आणि दारावर उभा असलेला रक्षक हे तिघेही सुरक्षित आहेत का, हे पाहणे शासनाचे काम आहे. पण शासनाने ते पाहिले की नाही, हे आपण कधी विचारले आहे का?

आपल्याकडे रुग्णालयात काही भयंकर घडले, की उत्तर ठरलेले असते: रक्षक वाढवा. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी बेदम मारहाण केली. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि सरकारने ११०० सुरक्षा रक्षकांचे आश्वासन दिले. मारहाण करणाऱ्यांचे समर्थन कोणीही करू नये. पण डोक्याला मार लागलेला रुग्ण तिथे आणला होता आणि मेंदूचा शल्यचिकित्सक उपलब्ध नव्हता, हेही विसरता कामा नये. डॉक्टरांची रिकामी जागा रक्षक भरून काढू शकत नाही.

रक्षकांच्या संख्येपलीकडचा प्रश्न जुना आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. हल्लेखोर बाहेरून आला नव्हता, तो त्याच रुग्णालयाचा सफाई कर्मचारी होता. त्याला मारहाण आणि चोरीसाठी सात वर्षांची शिक्षा झाली, लैंगिक अत्याचाराचा गुन्हा त्याच्यावर लागलाच नाही. अरुणा मात्र १८ मे २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयातील खाटेवर होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यात दोषी ठरलेला माणूस पोलिसांचाच स्वयंसेवक होता. ज्याला दार उघडे असते, त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार?

दुसरी बाजूही पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा तिथले दोन सुरक्षा रक्षक मारले गेले. परिचारिकांनी दारे लावून गरोदर महिलांना वाचवले. रक्षकही कष्टकरी माणूस आहे, त्याच्याही जिवाची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे. आणि ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बाळे दगावली. तिथे कोणी हल्लेखोर नव्हता. सुरक्षा म्हणजे दारावरची काठी एवढाच अर्थ घेतला, तर ही बाळे त्या हिशोबात कुठेच येत नाहीत.

कायद्यांची कमतरता नाही. २०१० च्या राज्य कायद्यानुसार वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ला अजामीनपात्र गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालच्या आदर्श नियमांत रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष असे प्रशिक्षण सांगितले आहे. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. कागदावर सगळे आहे. ते प्रत्यक्षात आहे का, हे तपासून लोकांसमोर ठेवणारी व्यवस्था कमी पडते. नवी मुंबई महापालिकेत तर मे २०२० पासून पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार होता. सभागृहात उभे राहून रुग्णालयाबद्दल विचारणारा नगरसेवकच नव्हता.

म्हणून मागणी साधी असावी. प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयात सुरक्षेसाठी जबाबदार असलेल्या एका अधिकाऱ्याचे नाव दर्शनी भागात लावा. किती रक्षक मंजूर आहेत, रात्री प्रत्यक्ष किती असतात, त्यात महिला किती, कितींची पोलीस पडताळणी झाली, महिन्यात किती घटना घडल्या आणि किती गुन्हे नोंदवले, हे दर महिन्याला जाहीर करा. त्यात रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या तक्रारीही असाव्यात. दाढी, बुरखा किंवा मळके कपडे पाहून कोणाला अरेरावी झाली, तर ती नोंदवायला जागा हवी. अपमानित होऊन परतलेला माणूस पुढच्या वेळी उशिरा येतो, आणि उशीर जिवावर बेततो.

तरुण मित्रांनो, यासाठी मोर्चाची वाट पाहण्याची गरज नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो. तेव्हा एकाने रक्षकांबद्दल विचारावे, दुसऱ्याने अग्निसुरक्षेच्या प्रमाणपत्राबद्दल, तिसऱ्याने नोंदवलेल्या घटनांबद्दल. आलेली उत्तरे मोहल्ल्यात वाचून दाखवा आणि आपल्या नगरसेवकासमोर ठेवा.

एक हिशोब आपलाही आहे. आजारी माणसाची इयादत करणे ही सुन्नत आहे, पण तिचा अदबही आहे: थोडा वेळ थांबावे, रुग्णाला त्रास होऊ देऊ नये. अपघात विभागाबाहेर वीस-पंचवीस जणांनी गर्दी करून डॉक्टरवर आवाज चढवणे ही इयादत नव्हे. एक-दोघांनी आत थांबावे, बाकीच्यांनी रक्त, औषधे आणि घरच्यांचे जेवण पाहावे.

सार्वजनिक रुग्णालय ही आपल्या सगळ्यांची अमानत आहे. अमानत ज्याच्या हाती दिली, त्याच्याकडे हिशोब मागण्यात गैर काहीच नाही. तो न मागणे मात्र गैर आहे.