गणवेशातील स्त्री आणि न्यायाचे दार

पश्चिम द्रुतगती महामार्गावर मालाड-कांदिवलीच्या पट्ट्यात लष्कराचे आयुध भांडार आहे. मार्वे किनाऱ्याजवळ नौदलाचे ‘आयएनएस हमला’ हे प्रशिक्षण केंद्र आहे आणि घाटकोपरला नौदलाचे साहित्य भांडार. या भिंती उपनगरवासीयांच्या रोजच्या परिचयाच्या. त्यांच्या आड जो वेगळा कायदा चालतो, त्याचा परिचय मात्र फारसा कुणाला नसतो. तो करून घेण्याची वेळ आता आली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी लष्करातील महिला अधिकाऱ्यांचा स्थायी कमिशनचा हक्क मान्य केला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ मध्ये दाखल झालेल्या मुलींच्या पहिल्या तुकडीतील १७ जणी मे २०२५ मध्ये प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. नौदलाच्या पहिल्या अग्निवीर तुकडीत ३४१ मुली होत्या. अंधेरीच्या वा मुलुंडच्या घरातील मुलगीही आज हे स्वप्न पाहू शकते. अशा वेळी एक अप्रिय प्रश्न विचारणे भाग आहे. तिच्यावर सहकाऱ्याने वा वरिष्ठाने अत्याचार केला, तर तिने कोणते दार ठोठवायचे?

या प्रश्नाचे गांभीर्य सप्टेंबर २०२१ मध्ये कोइमतूर येथे दिसले. हवाई दलाच्या प्रशासकीय महाविद्यालयात प्रशिक्षणासाठी आलेल्या एका महिला अधिकाऱ्याने सहकारी अधिकाऱ्यावर बलात्काराचा आरोप केला. दलांतर्गत पुरेशी कारवाई झाली नाही, असे सांगून ती पोलिसांकडे गेली. वैद्यकीय तपासणीत निषिद्ध ‘टू फिंगर’ चाचणी झाल्याचा तिचा आरोप होता. हवाई दल प्रमुखांनी तो नाकारला. पोलिसांनी आरोपीला अटक केली, परंतु काही दिवसांतच न्यायालयाने त्याला कोर्ट मार्शलसाठी हवाई दलाच्या ताब्यात देण्यास अनुमती दिली. ज्या यंत्रणेबद्दल तक्रारदाराला भरवसा वाटला नाही, त्याच यंत्रणेकडे खटला परतला.

हे बेकायदा घडले नाही, हीच खरी चिंतेची बाब आहे. लष्कर कायदा, १९५० च्या कलम ७० नुसार, सैनिकाने लष्करी कायद्याच्या कक्षेबाहेरील व्यक्तीचा खून केला अथवा तिच्यावर बलात्कार केला, तर सक्रिय युद्धसेवेसारखे काही अपवाद वगळता कोर्ट मार्शल तो खटला चालवू शकत नाही. तो साध्या न्यायालयातच चालतो. हवाई दलाच्या कायद्यातही अशीच तरतूद आहे. पण पीडित स्त्री स्वतःच गणवेशात असेल, तर हा मज्जाव उरत नाही. मग कलम १२५ लागू होते आणि खटला कोठे चालवायचा, याची निवड संबंधित लष्करी अधिकारी करतो. फौजदारी न्यायालयाने कलम १२६ नुसार हरकत घेतली, तर अंतिम निर्णय केंद्र सरकारचा. पीडितेला त्यात मत नाही. म्हणजे सामान्य नागरिक असलेल्या स्त्रीला जो दरवाजा हक्काने उघडा आहे, तो देशसेवेची शपथ घेतलेल्या स्त्रीसाठी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो. यापेक्षा मोठी विसंगती कोणती?

सत्तेच्या छायेतील अत्याचार हा साधा गुन्हा नसतो, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. ‘मथुरा खटला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये, भीतीने मान तुकवणे म्हणजे संमती नव्हे, असे मानून त्यांना शिक्षा ठोठावली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हा तिथला युक्तिवाद. कुंपणच शेत खात असताना पिकाने आरडाओरडा का केला नाही, असे विचारण्यासारखे ते होते.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायदेतज्ज्ञांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० मध्ये मुंबईत स्त्रियांनी बलात्कारविरोधी मंच उभारला आणि देशभर मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कारात स्त्रीने संमती नाकारली, की संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, हे तत्त्व त्यातून आले. अधिकाराची उतरंड जिथे असते, तिथे ‘नाही’ म्हणण्याची किंमत वेगळी असते, हे कायद्याने मान्य केले. वरिष्ठाच्या एका शेऱ्यावर जिची बढती आणि बदली अवलंबून असते, त्या सैनिक स्त्रीला हे सांगावे लागत नाही.

न्या. जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये हेच सूत्र पुढे नेले. सशस्त्र दलांतील व्यक्तींनी केलेले लैंगिक अत्याचार साध्या फौजदारी कायद्याखाली आणावेत, अशी तिची शिफारस होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीत तैनातीच्या प्रदेशात सैनिकाने केलेला बलात्कार हा अधिक गंभीर गुन्हा ठरला. भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे. कलम १२५ मधील निवडीचा अधिकार मात्र तसाच राहिला.

लष्कराची बाजूही लक्षात घ्यायला हवी. शिस्त हा सैन्याचा कणा आहे आणि दिवाणी-फौजदारी न्यायालयांतील दिरंगाई सर्वज्ञात आहे. कोर्ट मार्शल अनेकदा लवकर निकाल देते आणि कठोर शिक्षाही करते. तथापि साधे न्यायालय मनावर घेतले तर वेगाने चालू शकते, हेही मुंबईने पाहिले आहे. एप्रिल २००५ मध्ये मरीन ड्राइव्हच्या पोलीस चौकीत महाविद्यालयीन मुलीवर बलात्कार करणाऱ्या हवालदाराला वर्षभरात, २००६ मध्ये, १२ वर्षांची सक्तमजुरी झाली. तो गणवेशात होता म्हणून त्याचा न्यायनिवाडा पोलीस खात्याकडे सोपवावा, असे कुणीही म्हटले नाही.

इतर देशांच्या सैन्यांनीही या बाबतीत वाट बदलली आहे. दक्षिण कोरियात २०२१ मध्ये हवाई दलातील एका महिला सार्जंटने अत्याचाराची तक्रार दडपली गेल्यानंतर आत्महत्या केली; जनक्षोभ उसळला आणि जुलै २०२२ पासून सैन्यातील लैंगिक गुन्हे नागरी न्यायालयांकडे गेले. अमेरिकेत अशा गुन्ह्यांत खटला भरण्याचा निर्णय डिसेंबर २०२३ पासून कमांडरऐवजी स्वतंत्र अभियोक्ते घेतात. उत्तर कोरियाच्या सीमेवर सदैव सज्ज असणाऱ्या सैन्याची शिस्त त्यामुळे ढासळल्याचे कुणी म्हणत नाही.

भारतात यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. बलात्काराच्या गुन्ह्यापुरता कलम ७० मधील भेद काढून टाकावा आणि पीडित स्त्री गणवेशात असो वा नसो, खटला साध्या न्यायालयातच चालावा, एवढी दुरुस्ती पुरेशी आहे. मुलींना सैन्यात येण्याचे आवाहन करणाऱ्या सरकारला ती टाळता येणार नाही. देशाच्या सीमेचे रक्षण जिच्यावर सोपवले, तिला इतर कोणत्याही नागरिकाइतकाच न्याय मिळायला हवा. आज कायद्यात तशी हमी नाही.