पंगतीत बसवले, पण पाव पान वाढले!

गिरणी कामगार बंधूंनो,

घरात नवा भाऊ घ्यायचा, तर त्याचा खर्च कोणी सोसायचा? युरोपने २००४ साली या सवालाचे जे उत्तर दिले, ते प्रत्येक कष्टकऱ्याने नीट ऐकावे.

१ मे २००४! नेमक्या कामगार दिनी पोलंड, हंगेरीसह दहा देश युरोपियन युनियनमध्ये दाखल झाले. झेंडे फडकले, भाषणे झाली. पण पैशाचे काय? डिसेंबर २००३ मध्येच जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन आदी सहा सावकार देशांनी पत्र लिहून बजावले होते, की २००७ पासून युनियनचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्यावर जाता कामा नये! खाणारी तोंडे दहा वाढली, हंडा मात्र तेवढाच!

नव्यांची वर्गणी पहिल्या दिवसापासून सुरू. आणि पोलंडच्या शेतकऱ्याला थेट अनुदान किती? जुन्यांच्या दराच्या २५ टक्के! पुरा दर मिळायला २०१३ साल उजाडले.

मालाला नि भांडवलाला दार सताड उघडे. मजुराला मात्र फाटक बंद! ब्रिटन, आयर्लंड, स्वीडन या तिघांनीच त्याला लगेच आत घेतले. जर्मनी-ऑस्ट्रियाने पूर्वेकडच्या आठ देशांचे कामगार २०११ पर्यंत अडवून धरले.

वूच हे पोलंडचे गिरणगाव. १९९० नंतर तिथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. एका अवाढव्य गिरणीच्या आवारात २००६ साली झगमगीत बाजार उघडला. साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाने जायचे कुठे?

स्वस्तात राबणारा आला तर आपली मजुरी पडेल, ही जर्मन मजुराची धास्ती काही खोटी नव्हती. पण फाटक हे तिच्यावरचे औषध नव्हे. एका कामाला एक दाम, हेच औषध! जर्मनीने देशभर किमान वेतनाचा कायदा लागू केला तो २०१५ साली. फाटक उघडल्यावर चार वर्षांनी!

पुढे पोलंडला पुष्कळ पैसा मिळाला, हे कबूल. रस्ते झाले, पूल झाले. पण आधीच्या वर्षांची भरपाई कोण देणार?

युक्रेन २०२२ पासून उमेदवार आहे. सवाल पुन्हा तोच. आमचे म्हणणे सरळ आहे: पंगतीत बसवाल, तर पान पुरे वाढा! आणि त्याचा खर्च मजुराच्या पगारातून नको. नव्या बाजारपेठेचा नफा ज्यांनी खाल्ला, त्यांच्या तिजोरीतून वसूल करा!