नाच्याचा आवाज

बालगंधर्वांची नाट्यपदे ध्वनिमुद्रिकांच्या कृपेने आजही कानी पडतात. स्त्रीवेषाने त्यांना कीर्ती दिली. १९६४ साली पद्मभूषणही लाभले. आमच्या वऱ्हाडात दंडारीत लुगडे नेसून रात्रभर गाणाऱ्या पुरुषाच्या वाट्याला मात्र रात्री शिट्ट्या आणि सकाळी कुचेष्टा! चित्रपटांत नाच्या रंगविणारे गणपत पाटील संसारी गृहस्थ. तेही या कुचेष्टेतून सुटले नाहीत.

स्त्रीवेष घेणारा प्रत्येक नट तृतीयपंथी वा समलिंगी असतो, ही समजूत अडाणीपणाची होय. तसा त्यांत कोणीच नव्हता, हे म्हणणे मात्र सोयीचे असत्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांना मान्यता दिली आणि २०१८ साली समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. तोवर उघड बोलण्याची सोयच नव्हती; मग या कलावंतांचा इतिहास लिहिणार कोण?

यवतमाळच्या महाविद्यालयांनी हे काम हाती घ्यावे, असे आम्ही सुचवितो. ध्वनिमुद्रणाला आता खिशातला मोबाइल पुरतो. खर्चाची सबब चालणार नाही. दंडारीतले वृद्ध गायक थकत चालले आहेत. त्यांची गाणी आणि आयुष्याची हकिकत त्यांच्याच तोंडून टिपून घ्यावी. नाव द्यावे की झाकावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.